बाबांचा पहिला ट्रक

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय गुंड्या,

अनेक आशीर्वाद.

ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोन केला की तू "गाडी चालवतोय, नंतर बोलू" म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' काही उगवत नाही. पत्र निदान गाडी बाजूला लावून वाचशील.

इकडे सगळं ठीक. चष्म्याच्या दुकानात काम वाढलंय. दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते आणि घरी आल्यावर स्वतःचाच चष्मा शोधत बसते. बाबा अंगाने धडधाकट आहेत. जेवण व्यवस्थित आहे, संध्याकाळचं फिरणंही चालू आहे. स्वभाव तर इतका निवळलाय की मी चहा नेऊन दिला की चक्क आभार मानतात. त्यांनी आईचे तरी कधी आभार मानले होते का, आठवून बघ.

रविवारी दातांचे डॉक्टर अजून येतात, आपलं प्लास्टिकच्या विमानाचं किट काखेत मारून. खिडकीजवळचं ते टेबल तसंच आहे. वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर रंगाच्या चिमुकल्या डब्या, पॉलिश पेपरचे तुकडे आणि डॉक्टरांनी दिलेली दात कोरायची जुनी हत्यारं. त्या हत्यारांनी बाबा विमानाच्या अंगावर पत्र्यांच्या बारीक रेघा ओढतात.

मागच्या महिन्यात त्यांनी एक प्रवासी विमान पुरं केलं. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात शिसं भरायचं असतं, तुला ठाऊकच आहे. ते राहिलं तर पुढचं चाक हवेत उचललं जातं आणि विमान शेपटावर बसतं. चिकटल्यावर काही करता येत नाही. डॉक्टरांचं एकदा तसं झालं तेव्हा बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "डोकं हलकं, बूड जड! आमच्या हँगरचे साहेब असेच होते."

या वेळी बाबांचं विमान शेपटावर बसलं.

त्यांनी ते पुढे दाबलं, सोडलं. पुन्हा बसलं. मग आमच्याकडे बघून विचारलं, "कोणी केलं हे?"

डॉक्टरच म्हणाले, "माझंच आहे हो काका. विसरलो."

"इतकी वर्षं झाली, तरी धांदरट तो धांदरटच!" बाबांनी त्यांची यथेच्छ हजेरी घेतली. एवढा पिकल्या केसांचा माणूस, शाळकरी पोरासारखा मान खाली घालून ऐकत होता. जाताना दारात बुटांची नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला. वर न बघता म्हणाले, "आता एखाद्या डॉक्टरांना दाखवून घ्या. दातांच्या नव्हे."

दाखवलं. या आजाराला नाव आहे, गोळ्या आहेत. तुझ्या भाषेत सांगायचं तर गोळ्यांनी वेग कमी होतो, गाडी थांबत नाही.

आता खरी बातमी. बाबा ट्रक करतायत. हो, ट्रक! "रस्त्यावरची खटारी माझ्या टेबलावर नकोत" म्हणणारे आपले बाबा. तू बाबांच्याच विमानदुरुस्तीच्या हँगरमधली उमेदवारी सोडून ट्रकचं स्टिअरिंग धरलंस त्या दिवशी ते काय बोलले, आणि "तुमची विमानं तरी कुठे उडतात?" असं विचारून तू कसा निघून गेलास, ते पुन्हा लिहीत नाही. तर आता तेच बाबा प्लास्टिकचे पत्रे कापून तुझी गाडी बनवतायत. तू मला फोटो पाठवला होतास, खिडकीतून डोकं बाहेर काढलेला, तो त्यांच्यासमोर असतो. हिरवी केबिन झाली. वाकडा आरसाही वाकडाच केलाय. काम अडलंय मागच्या चाकांपाशी, कारण फोटोत ती दिसत नाहीत.

"जोडचाकं आहेत की एकेरी? त्यालाच विचारू," म्हणतात. "लांबच्या खेपेवर गेलाय. शनिवारी येईल."

मला आधी वाटलं, त्यांनी तुला माफ केलं. तसं नाही रे. ते भांडणच विसरलेत, मुळासकट. माफ केलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, पण पदरात पडतंय ते घ्यावं. भांडण गेलंय आणि तू अजून त्यांच्या आठवणीत आहेस. त्या दोहोंमध्ये जागा फार थोडी आहे, आणि तेवढ्यातच तुला गाडी वळवायची आहे.

ताई नेहमीसारखी मीठमसाला लावतेय, असं वाटेल तुला. म्हणून मघापासून जे टाळतेय ते लिहूनच टाकते.

गेल्या आठवड्यात मी केबिनला हिरव्या रंगाचा दुसरा हात देत होते. बाबा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "तुमचा हात फार स्थिर आहे हो. माझी मुलगीही असंच रंगवते."

मी विचारलं, "कुठे असते ती?"

"चष्म्याच्या दुकानात. येईलच आता. थांबा, ओळख करून देतो."

मी थांबले. दुसरं काय करणार? दोघंही दाराकडे बघत बसलो. थोड्या वेळाने त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "तुम्हाला उशीर नाही ना होत? घरचे वाट बघत असतील."

मग मी चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली आणि बाहेर जाऊन बेल वाजवली. कामावरून आल्यासारखी. वेडेपणाच तो. बाबांनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे जिन्याकडे बघितलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?"

गुंड्या, येत्या शनिवारी ये. नाही जमलं तर दुसऱ्या कुठल्याही वारी ये, त्यांना तो शनिवारच वाटेल. तुझा फोटो रोज त्यांच्या हातात असतो, तुला ओळखतील असं मला वाटतं. हमी देत नाही. आलास की सरळ टेबलापाशी बस आणि चाकांचं सांग. जुनं काही उकरू नकोस. माफीसुद्धा मागू नकोस, कशाची ते कळणार नाही आणि घाबरतील. ते माझी ओळख करून देतील, "या बाई मदतीला येतात, फार चांगल्या आहेत." तेव्हा त्यांना खोडू नकोस. नमस्कार कर.

आणि मग, पाणी हवं म्हणून, टॉवेल हवा म्हणून, कशालाही, मला जरा मोठ्यानं हाक मार. बाबांना आठवावं म्हणून नाही सांगत. माझ्यासाठी सांगतेय.

अजून तुझी तरी,
ताई