फ्लोराइड आणि पाणी

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. प्रयोगशाळेत एक प्रकरण निस्तरत होते. माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आहे, आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिने फ्लोराइड वापरून एका रेणूतलं ब्रोमीन हुसकावलं आणि हवा तो पदार्थ भरपूर मिळाला, असं सांगितलं. फ्लोराइड हा न्यूक्लिओफाइल. आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन तो कार्बनवर धाव घेतो आणि तिथे आधी बसलेल्याला उठवून स्वतः बसतो. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते.

आम्ही तोच प्रयोग केला, तर काही म्हणजे काही झालं नाही. शेवटी भर मीटिंगमध्ये मी म्हटलं, की हे आकडे तू मनानेच लिहिलेस. ती रडली. तेव्हापासून कामावर आलेली नाही.

गुडघा जपावा, माया पातळ करू नये.

तुझी बारकी

११ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका नाही. तुझं फ्लोराइड आगाऊ दिसतंय, आपल्या घराण्यात शोभेल.

पत्र पुन्हा वाचलं. तुझं म्हणणं कळलं, तिचं रडणं कळलं. तिचं म्हणणं मात्र कुठे सापडेना. माझा चष्मा बदलायला झालाय, की तू लिहिलंच नाहीस?

जेवत जा. तुझी काळजी करायची सवय सुटत नाही.

आत्या

२० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा ठीक आहे. मी तिला बोलूच दिलं नव्हतं.

तुझं पत्र वाचून तिच्या घरी फोन केला. ती इतकंच म्हणाली, की द्रावक पूर्ण कोरडा लागतो, हे तेव्हाच सांगत होते. फ्लोराइडला पाणी भेटलं की पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी घेरून बसतात. मग कसली धाव नि कसलं काय. हे मला ठाऊक नाही का, आत्या? मी हेच शिकवते! आमची द्रावकाची बाटली तपासली, तर तिच्यात पाणी. हवेतलं ओढून घेतलेलं. झाकण सैल ठेवणारी मीच. तिने स्वतःसाठी सीलबंद बाटली घेतली होती, तेव्हा मी तिच्या सोवळेपणाला हसले होते.

आरशात बघवत नाही. तिला माफीचं पत्र लिहायला घेतलंय.

तुझा लोभ आहे का अजून?

बारकी

२७ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

लोभ आहे, म्हणूनच लिहिते. तिला रडवलंस सगळ्यांसमोर आणि माफी बंद पाकिटातून? ते पत्र फाड.

आत्या

९ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फाडलं. तिला बोलावलं आणि पुढच्याच मीटिंगमध्ये, त्याच माणसांसमोर उभं राहून सांगितलं, की खोटी ती नव्हती, चूक माझी होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की मॅडम, आता तुम्ही सगळ्यांसमोर करून दाखवा, मी सांगते तसं.

सगळे प्रयोगशाळेत आलो, ती स्टुलावर बसली. मी नव्या बाटलीचं सील फोडलं, ती म्हणाली तसं करत गेले. पदार्थ तिच्या आकड्याइतकाच निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या तिच्यासाठी. मग ती म्हणाली, की दुसऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळालीय, निरोप घ्यायला आले होते.

तिने एकेकाशी हात मिळवला. माझ्या हातात अजून ग्लोव्हज होते. ते काढेपर्यंत ती जिना उतरून गेली होती.

या वेळी आशीर्वाद नको. नुसतं पत्र पाठव.

बारकी