पाठीवरचा डाग

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). तुझा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत उत्तम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

लेकीचा फोन आधी तुला जातो आणि मग घरातली बातमी मला कळते, तेव्हा मी पिटुकलीची पाठ सोलली हे तुझ्या कानावर गेलंच असेल. 'सोलली' हा जावयाचा शब्द. नातीची पाठ लाल झाली, एवढं खरं आहे. आता माझी बाजू ऐक.

ही गेली तेव्हा पिटुकली यायला दोन महिने होते. "बाळाला आंघोळ मीच घालणार, तुम्ही मध्ये नाक खुपसायचं नाही," असं ही दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा बजावत होती. मग ते काम आता कोणी करायचं? पहिला महिना नर्सबाई येत होत्या, त्या बंद झाल्यावर मी लेकीकडे ते काम मागून घेतलं. चाळीस वर्षं लाँड्री चालवलेला माणूस मी, मला धुण्याचं काय मोठं! आणि खरं सांगू का ताई, सकाळचा तो पाऊण तास सोडला तर उरलेला दिवस मी नुसता या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. त्या पाऊण तासात माझं बोट कोणीतरी घट्ट धरायचं (लाथाही मारायचं, पण तेवढं चालायचंच).

तर पहिल्याच दिवशी तिला पालथं घेतलं आणि कमरेच्या जरा वर दिसला निळसर डाग, तळहाताएवढा. माझा संशय थेट जावयाने आणलेल्या नव्या निळ्या चादरीवर गेला (स्वस्त कापडाचा रंग सुटतोच, मी तेव्हाच म्हटलं होतं). कोणाला बोललो नाही. डाग निघाल्यावरच गिऱ्हाइकाला सांगायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. चार दिवस गुपचूप मेहनत घेतली. गरमसर पाणी, वासाचा साबण, टॉवेलचं टोक, आणि कडेकडून मध्याकडे चोळायचं, म्हणजे डाग पसरत नाही. डाग काही हलेना. पाचव्या दिवशी भोवतीची कातडी लालबुंद, पिटुकली रडून बेजार आणि माझ्या तोंडचं पाणी पळालेलं.

डॉक्टरीणबाई आपल्या लेकीहूनही लहान. पाठ पाहून म्हणाल्या, "आजोबा, हा डाग नाही, जन्मखूण आहे. बऱ्याच बाळांना असते, वाढता वाढता आपोआप फिकी होते. धुऊन जायची नाही." मग माझी शाळा घेतली. पाणी कोमट, तेही कोपर बुडवून पाहायचं. पाच-दहा मिनिटं पुरे, आणि रोज आंघोळ हवीच असं नाही. साबण बिनवासाचा, सौम्य, नावापुरता. मानेच्या नि मांडीच्या घड्या अलगद पुसायच्या. चोळायचं तर मुळीच नाही, वापरून मऊ झालेल्या सुती कापडाने टिपायचं. त्यांच्या कोटाच्या खिशाला शाई लागली होती. न राहवून मी सांगितलं, "यालाही चोळू नका, टिपा." त्या हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या रेशमाला मी जन्मात कधी ब्रश लावला नाही. नातीच्या पाठीला मात्र टॉवेल लावला.

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी घालते आंघोळ. तुम्ही दमता." मी दमत नाही, तिलाही माहीत आहे. आठ दिवस झाले, मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा असतो. आतून पिटुकलीचा आवाज येतो. शेवटी काल धीर करून लेकीसमोर डॉक्टरीणबाईंचे सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कापड? घरात आहेत ते सगळे नवे टॉवेल खरखरीत आहेत. मऊ कापड आणा, मग बघू." म्हणजे अजून आशा आहे.

गुडघ्याला जप. मोठ्यांना नमस्कार सांगायचा, तर आता आपल्याहून मोठं कोण उरलंय?

तुझा
(सध्या बिनकामाचा) भाऊ

ता.क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. हिच्या कपड्यांचं गाठोडं मी तुझ्याकडे दिलं होतं, "डोळ्यांसमोर नको, कोणालाही देऊन टाक" म्हणून. त्यात निळ्या ठिपक्यांचा सुती गाऊन आहे. माझ्या हातून वर्षानुवर्षं धुतला गेलेला, सायीसारखा मऊ (ही दवाखान्यात गेली, त्यानंतर मात्र धुवायचा राहिला). अजून दिला नसशील तर पाठव. पिटुकलीसाठी चार तुकडे सहज निघतील.

आणखी एक : तुकडे लेक करील. माझ्याने कात्री लावली जायची नाही.

शेवटचं : गाऊन धुऊन पाठवू नकोस. इथे आल्यावर मी धुईन, एक-दोन दिवसांनी. आणि तू आधीच धुतला असशील, तर तसं मला कळवू नकोस. नुसता पाठव.