सुनेच्या लग्नातला डाळिंबी पोशाख

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे (आता बंद), हे माझ्या अकलेने आणि माझ्याच अक्षरात लिहिते आहे. हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मला कुणी गळ घातलेली नाही. जे घालायला आले होते त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सगळं मुलाच्या नावे होतं. ते रद्द समजावं. मुलगाच राहिला नाही.

१. माझी दोन खोल्यांची राहती जागा, आतल्या सामानासकट, माझ्या सुनेला मिळावी.

वकील म्हणाले, "बाई, तिनं दुसरं लग्न केलंय. आता तिला सून कसं लिहायचं? नात्यापुढे काय घालू?"

मी म्हटलं, "तिथं कोरी जागा सोडा. मी सांगते काय घालायचं ते."

२. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा कामावर गेला तो परत आला नाही. पुढची चार वर्षं मी आणि सून या दोन खोल्यांत राहिलो. संध्याकाळी मी कवळ्या घाशीत बसे, ती शेजारी भाजी निवडायला बसे. जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायचो, त्याची सोडून. अशीच एकदा ती मान खाली घालून म्हणाली, "आई, ऑफिसातले एक जण विचारतायत. नाही म्हणून सांगू का?"

"माणूस कसा आहे?"

"ऐकून घेतो."

"मग हो म्हण," मी म्हटलं. नंतर मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

३. लग्नाचं बोलावणं मला पाहुणी म्हणून आलं. सुनेच्या लग्नाला सासूने काय घालून जावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनीच सांगितलं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, काळे कपडे घालून जा. आपल्या घरचं माणूस गेलंय, हे खुपू दे त्यांच्या डोळ्यांत." शेजारीण म्हणाली, "काळं नको हो, भरल्या घरात बरं दिसत नाही. आणि भडक घातलंत तर म्हणतील, म्हातारी सुटली एकदाची. राखाडी बघा." नवऱ्या मुलाच्या आईचा तर फोनच आला. "फिकटसं काहीतरी घाला. आणि फोटोच्या वेळी जरा... तुम्ही समजूतदार आहात." समजूतदार म्हटलं की माणसाच्या तोंडाला कुलूपच बसतं.

आदल्या दुपारी सुनेने येऊन माझं कपाट उघडलं. राखाडी बाजूला सारलं आणि तळातून डाळिंबी रेशमी पोशाख काढला.

"अगं, हा तुमच्या लग्नात घातला होता मी."

"माहीत आहे."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आई, उद्या तिथं सगळे असं वागणार, की माझं हे पहिलंच लग्न. तो होता हे माहीत असलेलं एक तरी माणूस मला समोर दिसू दे."

पोशाख अंगावर नुसता लोंबत होता. चार वर्षांत मी निम्मी झाले होते. लग्नाच्या सकाळी तिने माझ्या पाठीमागे बसून टाचण्या लावून तो मापाचा केला. टाचण्या तिच्या तोंडात होत्या, म्हणून दोघींनाही बोलावं लागलं नाही.

४. लग्नाच्या दिवशी दारावरच्या मुलीने विचारलं, "कुणाकडच्या तुम्ही?" मी हसून आत गेले. नवऱ्या मुलाच्या आईने पोशाखाकडे पाहिलं आणि फुलं नीट करायला घेतली. फोटोच्या वेळी मी खांबाजवळ सरकले, तर नवरा मुलगाच माझ्याकडे आला.

"मावशी, ती म्हणतेय तुमच्याशिवाय फोटो नको."

"तिला सांग, मला इथून छान दिसतंय."

मी गेले नाही. मानापमान म्हणून नव्हे. तिच्या शेजारची जागा भरलेली होती, ती मला जवळून बघवली नसती.

घरी आल्यावर पाठीमागच्या टाचण्यांना माझा हात पोचेना. त्या काढणारी सासरी गेली होती. उजाडून शेजारीण दूध घेऊन येईपर्यंत मी तशीच खुर्चीत बसून होते.

५. पुढे ती दर रविवारी यायची, मग मुलगी झाली, तिला घेऊन यायची, मग त्यांची लांब बदली झाली. आता फोन येतो. माझी तक्रार नाही. दिलेल्या लेकीला रोज माहेरी बोलावत नाहीत. वकीलसाहेब, नात्यापुढे तुम्ही सोडलेल्या जागेत हेच घाला: दिलेली लेक.

६. धाकटे दीर म्हणतात, ती आता परकी, जागा घराण्यातच राहू दे. त्यांच्या तोंडातली कवळी माझ्या हातची आहे. ती त्यांनी ठेवावी. त्याच कवळीने त्यांनी माझ्या सुनेला चारचौघांत नावं ठेवली. याहून अधिक त्यांना काही देणं लागत नाही.

७. मेण कापायच्या सुऱ्या, साचे आणि पॉलिशचं यंत्र चौकातल्या दंतवैद्य बाईंना. यंत्र सुरू करताना जरा थोपटावं लागतं. बँकेतल्या शिल्लकेतून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरेल ते सुनेच्या मुलीला द्यावं. डाळिंबी पोशाखही तिलाच, खेळायला. फाटला तरी कुणी रागावू नये.

८. हे कलम थेट सुनेला.

बाळ, जागा विक, भाड्याने दे, नाहीतर स्वतः राहा. पण आतली खोली आवरायचं काम मी तुझ्यावर टाकून जाते आहे. मला ते जमलं नाही. दरवेळी खोकं आणलं आणि खोकंच फेकलं. एकटी येऊ नकोस, नवऱ्याला घेऊन ये. पलंगाखाली माझ्या मुलाचे तपकिरी बूट आहेत. दोनदाच घातलेले, चामडं अजून नवं आहे, मी तेल लावत आले. तुझ्या नवऱ्याला होत असतील तर त्याने घालावेत. माझी त्याला हरकत नाही, हे मी साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवते.

लिहिलेलं वाचून पाहिलं. बरोबर आहे.

सही: (कवळीवाल्या बाई)

साक्षीदार, दोघेही माझ्या समोर बसलेले:
१. शेजारीण (सही करताना रडल्या, म्हणून अक्षर फिसकटलं आहे)
२. कोपऱ्यावरचे बेकरीवाले

ठिकाण: राहत्या घरी, बाहेरच्या खोलीत
दिनांक: नऊ नोव्हेंबर, सकाळी