गोड बोलण्याची सूचना

८ जानेवारी १९३९, अमरावती
घरोघर बोलावणे करणारी तानुबाई पाय मुरगळून पडली आहे, म्हणून मला लिहावे लागत आहे. सूनबाई शालूची लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकू चौदाला. तिची आई अकोल्याहून हलव्याचे दागिने घेऊन येणार. घर भरले नाही तर पोरीला जन्मभर ऐकावे लागेल. काळजी नाही. बी. ए. होऊन, इतकी वर्षे हेडमिस्ट्रेस राहून चार ओळी लिहिता येणार नाहीत?

लिहिले: "हळदीकुंकू दुपारी चार ते साडेपाच. वेळेवर हजर राहावे. मुले आणू नयेत. न येणाऱ्यांनी कारण लेखी कळवावे."

स्पष्ट आणि प्रेमळ. राजापेठेत चिठ्ठ्या वाटल्या.

१० जानेवारी
शेजारच्या मैनाबाई, फुलमळेवाल्या, चिठ्ठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, हे बोलावनं हाय का वारंट? आमच्या घरच्यायले वाटलं, जप्ती आली."

ह्यांना वाचून दाखवली. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

शालू म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊन येऊ का घरोघर?" नव्या सुनेने पहिल्याच सणाला दारोदार फिरायचे? नाही म्हटले. लिखाणाचा सूर बदलला की काम होते.

११ जानेवारी, सकाळी ६
नवी चिठ्ठी. प्रत्येक वाक्याआधी 'कृपया' घातले. शेवटी सणाला शोभेसे: "तीळगूळ घेऊन गोड बोलावे. ही सूचना सर्वांना लागू आहे."

वाचताना मलाच भरून आले.

१३ जानेवारी
उत्तरे येत आहेत. माझ्या माजी विद्यार्थिनी शिस्तीच्या. सत्यभामेने नवऱ्याची सही घेऊन कळवले की उद्या तिला ताप येणार आहे.

सुराचा परिणाम दिसतो आहे.

१४ जानेवारी, ४.४०
कोणी नाही. शालू काळ्या चंद्रकळेत, हलव्याच्या दागिन्यांत पाटावर. विहीणबाई भिंतीकडे पाहत आहेत. आमचे घड्याळ पुढे असावे.

५.००
शालू दागिन्यांसकट कुंकवाची कोयरी घेऊन निघाली. थांब म्हटले. थांबली नाही. खिडकीतून ऐकू आले: "काकू, या ना. मले एकटीले करमून नाही राहिलं. पोट्टे बी आना."

मुलांबद्दल स्पष्ट सूचना होती.

७.००
घरात पाय ठेवायला जागा नाही. पोरे माळ्यावर. सत्यभामेचा ताप उतरला आहे. चिठ्ठीचा परिणाम उशिरा झाला, इतकेच.

मैनाबाईंनी माझ्या हातावर तीळगूळ ठेवला. "घ्या बाई, तीळगूळ घ्या अन् लिवू नोका." सगळ्या हसल्या. विहीणबाई जरा जास्त.

मी आतल्या खोलीत येऊन बसले. काम होते.

७.३०
शालूला दिले: टाक, दौत, उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या. यापुढची बोलावणी तिने करावी. लेखी पोच मागितली. तिने उभ्या उभ्या लिहिली: "पावलं. आत्याबाई, बाहेर या ना. तुमच्यावाचून करमून नाही राहिलं."

'कृपया' कुठेही नाही. तरी जाते.