शेवटचे पान लिहिल्यावरून रद्द झालेले सभासदत्व

प्रति,
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी,
सोलापूर.

अर्जदार : ईरम्मा चन्नप्पा हत्तुरे, वय ७१, पूर्वीचा धंदा विड्या वळणे, रा. बाळीवेस, सोलापूर.

विषय : लेखकाच्या सांगण्यावरून कादंबरीचा शेवट लिहिला म्हणून काढून घेतलेले वाचनालयाचे कार्ड परत मिळण्याबाबत.

संदर्भ : निरांजन सार्वजनिक वाचनालयाची नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. अर्जदार म्हातारपणी प्रौढ वर्गात अक्षरे शिकली. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही. वाचायचे तर या वाचनालयातूनच, आणि तिथले कार्ड ग्रंथपाल श्री. अमरेश कोरे यांनी काढून घेतले आहे.

२. मागील महिन्यात तेथे लेखकभेटीचा कार्यक्रम झाला. त्यासाठी वाचन कक्ष दिवसभर बंद ठेवला. पेपर वाचायला आलेल्यांना जिन्यावरूनच परत पाठवले आणि मग त्याच खोलीत ‘लोक हल्ली वाचत नाहीत’ यावर भाषणे झाली. अध्यक्षांनी पुस्तक चाळल्याचे सांगितले. परिचय करून देणाऱ्या बाईंनी पुस्तकाच्या मागचा मजकूर वाचून दाखवला, तोही अडखळत. अर्जदार अडखळली तर समजण्यासारखे आहे. त्या बाई एम. ए. आहेत.

३. लेखक श्री. ओजस केळुसकर बराच वेळ आपल्या लिहिण्याच्या टेबलाविषयी बोलले. त्यांच्या कादंबरीतली गोदावरी नवऱ्याचा मार खाऊन, मुलीला कडेवर घेऊन बार्शीच्या स्टँडवर भर उन्हात उभी आहे. एक गाडी माहेरची, एक सासरची, दोन्ही लागलेल्या. तिथेच कादंबरी संपते. अर्जदाराने ती पूर्ण वाचली असल्याने उभे राहून विचारले, “ती बसली कुठल्या गाडीत?” लेखक हसून म्हणाले, “आजी, ते मी तुमच्यावर सोडलंय. शेवट वाचकानं लिहायचा असतो. लिहा तुम्ही.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अर्जदाराने अर्धी विडी वळून ‘बाकीची तुम्ही वळा’ म्हटले असते, तर कारखानदाराने तिला मांडीवरच्या तंबाखूच्या सुपासकट बाहेर काढले असते. श्री. केळुसकर यांना शाल मिळाली.

४. पाहुण्यांचा शब्द मोडू नये म्हणून अर्जदाराने वाचनालयाच्या प्रतीतल्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले : ‘गोदावरीने दोन्ही गाड्या सोडल्या. ती सोलापूरच्या गाडीत बसली. विड्या वळू लागली. पोरगी शिकली. मारणारा पुन्हा दारात आला, त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.’ पुस्तक परत करताना ग्रंथपाल म्हणाले, “आजी, पुस्तकाची नासाडी केलीत.” अर्जदार म्हणाली, “लेखकानंच सांगितलं की. तुमी बी टाळ्या वाजवल्या.” त्यावर ते म्हणाले, “अहो, ते नुसतं बोलायचं असतं.” हा नियम वाचनालयाच्या फलकावर कुठेही लावलेला नाही.

५. अर्जदाराच्या आग्रहावरून ग्रंथपालांनी लेखकांना फोन लावला. लेखकांनी विचारले, “कोण गोदावरी?” ते सध्या नव्या कादंबरीत असल्याने मागचे लक्षात राहत नाही, असा खुलासा झाला. ज्याने तिला उन्हात उभे केले त्यालाच ती आठवत नाही, आणि विद्रूपीकरणाची नोटीस मात्र अर्जदाराला.

६. तरी अर्जदाराचे कार्ड परत देण्याचा आदेश व्हावा. सदर पान फाडून टाकण्याचा कार्यालयाचा विचार असल्यास अर्जदार आड येणार नाही. मात्र जो कोणी ते पान फाडील, त्याने आधी त्या बाईला लेकरासकट कुठल्या तरी गाडीत बसवावे आणि ती कुठे उतरली ते सहीनिशी लिहून द्यावे. तिला परत स्टँडवर उभी करून कार्ड मिळणार असेल, तर ते कार्ड अर्जदाराला नको.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,

ईरम्मा चन्नप्पा हत्तुरे
(सही स्वतः केली आहे, अंगठा घेऊ नये)
सोलापूर, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) शेवटच्या पानाची झेरॉक्स.