चुन्याची रेघ

शिरूर
८ जानेवारी २०२५

ती. महेंद्रमामा यांना प्राचीचा सविनय जयभीम. वि. वि.

रॅकेट हातातून सुटली आणि नेटखाली जाऊन पडली. माझी मूठ मात्र तशीच पुढं गेली, रिकामी. सगळ्या हसल्या. घामानं सुटली असं मी म्हणाले आणि हात शॉर्ट्‌सला पुसला. हात कोरडा होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिसत होतं, पण ती दोन्ही माझी नव्हती. रॅकेट मी डाव्या हातानं उचलली.

ही सोमवारची गोष्ट. असं तिसऱ्यांदा झालं. एक तारखेला तुम्ही सगळे विजयस्तंभाला अभिवादन करून तसेच पुढं इथं अकादमीत आलात, तेव्हा आईनं दिलेला डबा मी डाव्या हातानं घेतला होता. शिरूरला येऊन पोरगी डावखुरी झाली, असं तुम्ही चिडवलंत. मी हसले, कारण आई बघत होती.

इथल्या फिजिओ करुणाताईंनी कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबलं तेव्हा मी ओरडले. तिथून एक नस बोटांकडे जाते. माझ्या प्रत्येक फोरहँडला ती ताणली जाते. दवाखान्यात तपासणी झाली. नस अजून शाबूत आहे. पण असाच फोरहँड मारत राहिले तर दोन्ही बोटांची ताकद कायमची जाऊ शकते, मग पेन धरायचीही पंचाईत, असं त्या म्हणाल्या. शांतपणे म्हणाल्या. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या कोच सुलक्षणा मॅडमनी माझा फोरहँड मोबाइलवर घेऊन, हळू करून दाखवला. पाय जागच्या जागी, कंबर सरळ, छाती नेटकडे. सगळं अंग उभं राहून बघतंय आणि हात एकटाच धावतोय. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. तुमचं नाव मी सांगितलं नाही. भिंतीनं शिकवलं, म्हणाले.

एक फेब्रुवारीला मॅडम वीस बॉल टाकून पुन्हा शूटिंग घेणार आहेत. तोवर अंग वळायला लागलं तर मी इथं राहीन. नाहीतर वर्षभर रॅकेट बंद आणि सामान घेऊन घरी. शिक्षा म्हणून नाही, हात वाचवायला. मला थांबायची भीती वाटते आणि मारायचीही.

फोन रविवारी पाच मिनिटं मिळतो, तोही रेक्टरबाईंच्या टेबलावर, आणि तिकडे आई स्पीकर लावते. म्हणून हे पत्र. आईला सांगू नका. आणि एक विचारते, रागावू नका. तुम्ही मला चुकीचं शिकवलंत का?

आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली म्हणून सांगा. लोभ आहेच. या वेळी थोडा जास्त लागेल.

आपली,
प्राची


दौंड
१३ जानेवारी २०२५

चि. प्राचीस जयभीम आणि अ. आ.

पत्र मिळालं त्याला दोन दिवस झाले. लगेच लिहायला बसलो होतो, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नावर पेन अडलं. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. पहिली रॅकेट तुझ्या हातात मी दिली. तेवीस वर्षं इथल्या मुरमाच्या टेनिस कोर्टावर रोलर ओढतो, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारतो. साहेबलोक खेळताना जाळीबाहेरून जे दिसलं ते तुला सांगितलं. जाळीबाहेरून हातच दिसतो. बॉल मारणाऱ्याच्या पायाकडं कोण बघतं?

काल मुद्दाम बघितलं. सत्यजीत साहेब सगळ्यांत छान मारतात, म्हणून त्यांच्यावरच नजर ठेवली. बॉल नेट ओलांडायच्या आत त्यांचा उजवा पाय बाहेर पडतो आणि गुडघ्यात बसतो. डावा हात रॅकेटच्या गळ्याला धरलेला असतो, त्यामुळं दोन्ही खांदे एकदम फिरतात. मग पाय जमीन ढकलतो, कंबर वळते, छाती वळते, आणि हात सगळ्यांच्या मागून येतो. तेवीस वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर उभा राहिलो. खाली शंटिंग चाललं होतं. इंजिन मागून लागतं, धक्का डब्याडब्यानं पुढं जातो, शेवटचा डबा शेवटी हलतो. हात म्हंजी तो शेवटचा डबा असणार. आपण त्यालाच इंजिन करून ठेवलं, मग जोडणी तुटणार न्हाई तर काय.

कोपराला तिळाचं तेल कोमट करून लाव. रॅकेट घट्ट धरत जा, म्हणजे सुटणार नाही.

तुझ्या आईनं पत्र कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हणालो, विम्याचं. ती म्हणाली की विमेवाले आता शाईच्या पेनानं पत्ता लिहायला लागलेत वाटतं. तिच्यापुढं माझं कधी चाललंय? पण सांगितलं नाही.

आजी म्हणते की पोरीला म्हणावं हात दुखतोय तर पायानं खेळ. तिला कळलेलं नाही, ती आपली बोलते. पण बरोबर बोलली.

भिऊ नकोस असं लिहिणार होतो. मीच भ्यालोय, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
महेंद्रमामा


शिरूर
१८ जानेवारी २०२५

ती. मामा, स. जयभीम.

विम्याचं पत्र पोचलं. तेल करुणाताईंनी नको म्हटलं. आणि घट्ट तर मुळीच धरायचं नाही. मूठ आवळली की कोपर आवळतं आणि नस आणखी ताणते. आजी भाकरीचा उंडा हातात घेते तशी रॅकेट धरायची, पडणार नाही आणि दबणार नाही इतकीच. शंटिंगचं मात्र मी मॅडमना सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की आता सगळ्या बॅचवर इंजिन कुठाय म्हणून ओरडतात. तुमचं नाव आता सांगून टाकलंय.

पण माझं इंजिन चालत नाही, मामा.

रॅकेट बाजूला ठेवून मॅडम तीन किलोचा बॉल देतात. तो दोन्ही हातांनी कमरेजवळ धरायचा, पाय बाहेर टाकायचा, वळायचं आणि अंगाच्या जोरावर फेकायचा. डावीकडे मला छान जमतं. डावा पाय बाहेर पडतो, कंबर वळते, बॉल पार जाळीपर्यंत जातो. उजवीकडे पाय जातच नाही. मॅडमनी पाय ठेवायच्या जागी पुठ्ठा ठेवून पाहिला. मी पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत जाते आणि थांबते. दुखत नाही. अडखळतही नाही. पाय जिथल्या तिथं. पाय गेला नाही की कंबर वळत नाही, कंबर वळली नाही की पुन्हा हात एकटा.

काल मॅडम वैतागल्या. तुझ्या उजव्या हाताला काय विहीर आहे का, असं सगळ्यांसमोर विचारलं. मुली हसल्या. मी खरंच खाली पाहिलं, मामा. तिथं नुसतं कोर्ट होतं, हिरवं, कोरडं. मी पाहिलं हे माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. डोकं हो म्हणतं, पाय ऐकत नाही. तो कुणाचं ऐकतो?

आज जेवताना आमटीची वाटी सांडली. बोटांना कळलंच नाही की वाटी तिरकी झाली आहे. शेजारच्या सुनीताला वाटलं मी मुद्दाम सांडली, कारण आमटी रोज तशीच असते.

चौदा दिवस राहिले. काही सुचलं तर लिहा. नाही सुचलं तरी लिहा.

तुमची,
प्राची


दौंड
२३ जानेवारी २०२५

चि. प्राचीस जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना विहिरीच्या ओळीवर थांबलो. तुझ्या उजव्या हाताला विहीर नव्हती. गटार होतं.

तुला आठवतं की नाही कोण जाणे. विहाराच्या मागची बोळ. समोर भिंत, उजवीकडं उघडं गटार, उभं राहायला चार हात जागा. तू सात वर्षांची होतीस. बॉल उजवीकडं गेला, तू पाय टाकलास तो सरळ गटारात. आत फुटकी बाटली होती. नडगीवर अकरा टाके पडले. तुझी आई चार महिने माझ्याशी बोलली नाही.

मला दुसरं काय येतं? मी रेघा मारणारा माणूस. गटाराच्या अलीकडं दीड वितीवर चुन्याची रेघ मारली. उजवा पाय रेघेबाहेर गेला की त्या दिवशी खेळ बंद, असा नियम केला. आणि दर बॉलला ओरडायचो, पाय, पाय. दोनदा तू रडलीस. नंतर तुझा पाय कधीच बाहेर गेला नाही. मी चारचौघांत सांगायचो की माझ्या भाचीचा पाय म्हणजे खांब. एवढ्या जागेत बॉल परतवायचा तर हाताशिवाय हलवणार काय? ते तू शिकलीस. मीच शिकवलं.

आता पुढचं ऐक. करोनाच्या दुसऱ्या वर्षी गटारावर फरशा पडल्या. जयंतीच्या आधी विहाराला रंग देतो तेव्हा उरलेल्या चुन्यात मी दर वर्षी ती रेघ नवी करतो. फरशा पडल्यावरही तीन जयंत्या केली. खाली गटार आहे की नाही, हे एकदाही पाहिलं नाही. तूही नाहीस. रेघ होती, आपण थांबत होतो.

आज सकाळी तुझी जुनी रॅकेट घेऊन बोळीत गेलो. रेघेजवळ उभा राहिलो आणि उजवा पाय बाहेर टाकायला गेलो. गेला नाही. एकावन्न वर्षांचा माणूस, ओरडायला कुणी नाही, आणि पाय तुझ्यासारखाच जिथल्या तिथं. आजी ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली की अरे त्या फरशीवरनं रोज टेम्पो जातोय, तुझं काय एवढं वजन हाय. मग टाकला. काही झालं नाही. फरशी हलली पण नाही. कंबर आपोआप वळली, बॉल भिंतीवर लागून डोक्यावरून मागं गेला. मी खाली बसून राहिलो.

खुरप्यानं रेघ खरवडून काढली आहे. पण तुझी रेघ इथं नाही. म्हणून असं कर. मॅडमना हे पत्र दाखव आणि तुझ्या उजव्या पायाबाहेर फक्कीची रेघ मारून माग. तिच्याअलीकडं थांबू नकोस. तिच्यावर पाय दे. बुटानं पुसली जाईपर्यंत दे. पुसली की नवी मारायची आणि पुन्हा पुसायची. मी ओरडलेलं ऐकू आलं तर येऊ दे.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. खाली ती लिहिते आहे.

चुकलो असं लिहून पुरत नाही, म्हणून थांबतो.
मामा

प्राची, एक तारखेला तू डबा डाव्या हातानं घेतलास तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तू सांगशील म्हणून थांबले. चूक केली. परत ये असं म्हणणार नाही. पण बोटांना मुंग्या आल्या की रॅकेट खाली ठेवायची, मग समोर कोणीही असो. मामाशी पुन्हा अबोला धरणार होते. पण या वेळी स्वतःहून सांगितलं त्यानं, म्हणून धरला नाही. दोन दिवस कमी बोलते एवढंच. — आई


शिरूर
१ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

ती. मामा आणि आई यांना सविनय जयभीम.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. फक्कीचा डबा आणून स्वतः रेघ मारली.

पहिल्या दिवशी रेघ संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशी फक्त टाच लागली. चौथ्या दिवशी मी नडगीवरची खूण पाहिली, टाके मोजले, अकराच आहेत. मग रॅकेट न घेता नुसती रेघेपलीकडे उभी राहिले, दहा मिनिटं, एका उजव्या पायावर. माझं काय चाललंय ते मुलींना कळेना. सुनीता म्हणाली की हिला बगळा चावला. सहाव्या दिवशी रेघ पुसली गेली.

आज वीस बॉल. आज रेघ नव्हती. पहिले चार बॉल पाय गेला नाही. तुमचा आवाज अगदी स्पष्ट आला, मामा, तोच जुना, पाय, पाय. हात एकटा गेला आणि कोपरात कळ आली. पाचव्या बॉलला पाय बाहेर पडला. मी टाकला असं म्हणवत नाही. पडला. गुडघा बसला, जमीन लागली, मग कंबर, मग बाकीचं. हात कधी आला ते कळलं नाही. आवाज वेगळा झाला, जाड. मॅडमनी मोबाइलवरून मान वर केली. मग काही बॉल जुने गेले, काही नवे. मी मोजले नाहीत. सतराव्याला करंगळीला मुंग्या आल्या. आई, मी रॅकेट खाली ठेवली. तीन बॉल राहिले होते. मॅडम थांबल्या, मी पुन्हा उचलली नाही.

त्यांनी सगळ्यांच्या रॅकेटी जमा करून घेतल्या आहेत. राहणारीची रॅकेट सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी ठेवतात. जाणारीची ऑफिसमध्ये असते, पालकांच्या सहीसाठी. तीन बॉल मी दिलेच नाहीत, त्याचं काय धरतील माहीत नाही. बॅग भरलेली नाही आणि रिकामीही ठेवलेली नाही. पत्र उद्या टाकीन, म्हणून पाकीट चिकटवत नाही.

तुमच्या सगळ्यांची,
प्राची

ता. क. रविवार, सकाळी साडेसहा. रॅकेट दाराशी होती. सोबत मॅडमची चिठ्ठी, सहा आठवडे रोज तीसच बॉल, मॅच नाही. बोटांना मुंग्या आहेत, कालच्यापेक्षा कमी. पाकिटावरचा पत्ता उजव्या हातानं लिहिला आहे.