एक्केचाळिसावा हमाल

पुणे, १८ नोव्हेंबर १९७४

प्रिय अंजना,

तुझ्या मागच्या पत्रावर तारीख नव्हती. निमोण्यात सगळे दिवस सारखेच उगवत असतील. तरी पत्राला तारीख हवी, हे तू चौथीत असल्यापासून मी सांगत आलो आहे.

माझ्या कामाचे विचारलेस. राज्यात वाहतुकीत आणि गोदामांत किती माणसे कामाला आहेत, याचा तिमाही तक्ता माझ्या सहीने निघतो. दुष्काळात धान्याची पोती आली तेव्हा हमाल सर्वत्र वाढले. आता जिल्ह्याजिल्ह्यांत ते कमी होत आहेत. एकच ठिकाण हलत नाही. दौंडच्या यार्डालगतचे, आपले बाबा जिथे राबले ते गोदाम दर तिमाहीला एक्केचाळीस हमाल कळवते, आणि आमचा तपासनीस मोजतो तेव्हा चाळीस भरतात. तपासनीस अजागळ आहे असे ठरवून गेल्या महिन्यात मीच गेलो.

भर दुपारी टोळी ओळीत उभी केली. चाळीस. म्हस्कू आबा अजून मुकादम आहेत. ते हसून म्हणाले, “उभ्यानं मोजाल तर चाळीसच भरत्याल, साहेब. पाठीवर पोतं आल्यावर मोजा.” वॅगनपासून दारापर्यंत टाकलेल्या फळीवरून ते एकेक करून जाऊ लागले, डोक्यावर पोत्याच्या खोळी, चेहरे झाकलेले. मी दोनदा मोजले. दोन्ही वेळा एक्केचाळीस. शेवटच्याने आत शिरताना चौकटीला दोन बोटे लावली. अंजना, ज्या सवयीवरून तू मला अजून चिडवतेस, तीच ही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. बाबा गेले त्या वर्षी तू सात वर्षांची होतीस. टोळीची रीत अशी, की मेलेल्या हमालाचा पोती ओढायचा हूक गोदामातल्या खिळ्याला टांगतात. थोरल्या मुलाने तो उतरवला की बापाची जागा त्याची, आणि चाळीतली खोली घरच्यांकडे राहते. आई म्हणाली, “उतरीव लेका, न्हाईतर छप्पर जाईल.” मी हूक उतरवला, टोळीसमोर ‘उद्यापासून येतो’ म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कॉलेजसाठी पुण्याला निघून आलो. हूक ट्रंकेत होता. ती अडाणी माणसांची समजूत आहे, एवढे म्हणून मी तो विषय संपवला. तुझ्या लग्नात तो हूक मीच तुला दिला. हल्ली त्याला तू कंदील टांगतेस.

आबांनी हजेरीपत्रक पुढे केले. शेवटचे नाव माझेच: ज्ञानदेव खंडू. खाडा एकही नाही. “तुम्ही शिकाया गेलात, पर शब्द हितंच ऱ्हायला ना? त्यो रोज येतो. बोलत न्हाई, खात न्हाई. तुमच्यापरीस गुणाचा हाय.” मला राग आला. तरीही जे मोजले तेच लिहायचे, ही माझी आयुष्यभराची शिस्त आहे. मी ‘प्रत्यक्ष तपासणी: एक्केचाळीस’ असे लिहून खाली सही केली.

चूक तिथे झाली. त्यानंतर कॉलरवर तागाचे तंतू दिसू लागले. उजवा खांदा दुखतो. आमच्या कार्यालयात पंधरा माणसे आहेत. शिपाई दगडोबा चहासाठी मोठ्याने मोजतो, आणि त्याचे बोट माझ्यावरून पुढे जाते. परवा आमच्याच कर्मचाऱ्यांची यादी सहीसाठी आली. तीत चौदा नावे होती. मी तीनदा तपासली. चूक सापडली नाही. राज्याची बेरीज मात्र या वेळी प्रथमच बिनचूक जुळली.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी दुपारी तो हूक घेऊन दौंडला ये. तो ज्याने उतरवला त्यानेच परत टांगला, तरच दिलेला शब्द सुटतो, असे आबा म्हणतात. मी गोदामाच्या फाटकाशी उभा असेन. तुझी नजर माझ्यावर ठरली नाही, तर घाबरू नकोस. ‘दादा’ अशी हाक मार. जो वळेल त्याच्या हातात हूक दे. दोघेही वळलो, तर ज्याचे तळवे मऊ, तो मी. आज सकाळी ते मऊ होते. शनिवार चुकवू नकोस.

तुझाच, अजून तरी,
ज्ञानदेव